काळोखाच्या बेटावरची बत्ती

१६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईकर इंग्रजांना एक कोडे पडले होते. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर, समुद्रात उभ्या असलेल्या एका ओसाड बेटाला त्यांच्या गलबतांनी वेढा घातला होता. बेटावर जेमतेम दीडशे माणसे. तिथे पिकत काही नव्हते, दुकान नव्हते, गावही नव्हते. हिशेबाने चारआठ दिवसांत धान्य संपून ही माणसे शरण यायला हवी होती. पण रोज सकाळी बेटावरचा तट आदल्या संध्याकाळपेक्षा वीतभर वर आलेला दिसे. रात्रीत दगड येत होता, चुना येत होता, दाणागोटा येत होता. आणणारे मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नव्हते.

ते बेट म्हणजे खांदेरी. त्याच बेटावर आज अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह आहे आणि मुंबई बंदराची दक्षिण हद्द त्याच्या दिव्याने ओळखली जाते. जहाजांच्या नकाशावर त्याचे नाव ‘कान्होजी आंग्रे दीपगृह’ असे छापलेले असते. ज्या दर्यासारंगाला मुंबईचे गव्हर्नर कागदोपत्री चाचा म्हणत आले, त्याच्या नावाच्या दिव्याकडे पाहून मुंबईत शिरणाऱ्या बोटी आपला मार्ग ठरवतात. या बत्तीची गोष्ट म्हणूनच १८६७ साली दिवा लागला तिथून सुरू करता येत नाही. ती दोन शतके मागे, काळोखातून सुरू करावी लागते.

थळच्या किनाऱ्यावरून पाहिले तर समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडचे, किनाऱ्याला खेटून असलेले, बसके बेट म्हणजे उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून पाचएक किलोमीटरवर, दोन टेकड्यांचे बेट म्हणजे खांदेरी. इंग्रजांनी या जोडगोळीला ‘हेनरी-केनरी’ करून टाकले. त्यांच्या दप्तरात आणि नकाशांत दोनशे वर्षे हीच नावे चालली. खांदेरीच्या दोन टेकड्यांपैकी दक्षिणेची उंच, सुमारे तीस मीटरची. दोहोंच्या मधल्या खोलगट भागात होडी लावायची जागा. बाकी सगळीकडे खडक.

या बेटाची खरी दौलत म्हणजे त्याची जागा. मुंबईच्या बंदराचे तोंड इथून सुमारे २० किलोमीटर उत्तरेला, सिद्दीचा जंजिरा सुमारे ४५ किलोमीटर दक्षिणेला. तीस मीटर उंचीच्या टेकडीवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर दिसते. म्हणजे निरभ्र दिवशी खांदेरीच्या माथ्यावर एक शहाणा टेहळ्या बसवला, तर मुंबईतून कोणते जहाज निघाले, कुठल्या दिशेला वळले, हे त्याला डोलकाठीवरून कळणार. शिवाजी महाराजांनी नेमके हे ओळखले होते. १६७२ मध्येच त्यांनी बेटावर तटबंदी घालण्याचा घाट घातला होता. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आल्यामुळे तो तेव्हा मागे पडला.

मधल्या वर्षांत दुखणे वाढत गेले. सिद्दीचे आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या आसऱ्याला येई, माझगावला नांगर टाकी आणि पाऊस ओसरला की पुन्हा कोकणकिनाऱ्यावर जाळपोळ करायला मोकळे होई. सिद्दी मोगलांचा आरमारी चाकर आणि इंग्रज मोगलांना दुखवायला भीत, त्यामुळे सिद्दीला नाही म्हणणे त्यांना जमत नव्हते. १६७८ मध्ये मराठ्यांचे आरमारी सरदार दौलतखान आणि दर्यासारंग हे आरमार माझगावलाच जाळून टाकण्याच्या इराद्याने पनवेलपर्यंत आले होते. खाडी ओलांडण्याचे साधन न मिळाल्याने त्यांना परतावे लागले. मुंबईत शिरून सिद्दीला धरता येत नाही, तर मुंबईच्या दारातच बसायचे, असा विचार मग पक्का झाला. दाराजवळची ती जागा म्हणजे खांदेरी.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मराठ्यांचे आरमारी अधिकारी मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. दिवसही विचारपूर्वक निवडलेले होते. पाऊस पुरता ओसरला नव्हता, समुद्र खवळलेला होता आणि मोठी जहाजे बंदरात बांधून पडली होती. उतरल्याबरोबर मायनाकांनी दगडमातीची आडभिंत उभारायला घेतली. मुंबईच्या कौन्सिलचा निरोप आला, की हे बेट आमचे आहे, सोडून जा. धन्याचा हुकूम असल्याशिवाय आपण हलणार नाही, असे उत्तर मायनाकांनी पाठवले. गंमत अशी, की पोर्तुगीजही हे बेट आपलेच म्हणत होते. कालपर्यंत त्यावर वस्ती करायला कुणी तयार नव्हते. आता तीन मालक उभे राहिले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिबाडे पाठवून नाकेबंदी सुरू केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प नावाच्या अधिकाऱ्याने हुकमाची वाट न पाहता बेटावर उतरण्याचा आततायीपणा केला. तो त्या वेळी प्यायलेला होता, असा ठपका त्याच्याच लोकांनी ठेवला. थॉर्प आणि त्याच्याबरोबरचे काहीजण मारले गेले, काही पकडले गेले. मग कॅप्टन रिचर्ड केग्विन आणि मिंचिन यांच्या हाताखाली ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज आले आणि वेढा नीट आवळला गेला.

आणि तरीही तट वर येतच राहिला. कारण वेढा दिवसाचा होता. इंग्रजांची जहाजे भारी, खोल बुडाची. वारा पडला की जागच्या जागी खिळणारी. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर पळणाऱ्या. नागाव, थळ, चौल इथले भंडारी आणि कोळी हा समुद्र डोळे मिटून ओळखणारे. कोणत्या खडकावर भरतीला किती पाणी चढते, ओहोटीची ओढ कुठे नेते, रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई वारा कधी अंगावर येतो, हे त्यांना नकाशा पाहून शिकायचे नव्हते. दोन जहाजांच्या मधून, खडकांच्या कडेकडेने, या होड्या रात्री बेटाला लागत आणि उजाडायच्या आत परत फिरत. पाठलाग केला तर आपलेच जहाज खडकावर चढण्याची भीती. काळोख या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढत होता.

१८ ऑक्टोबर १६७९ ला पहाटे दौलतखानाचे चाळीस-पन्नास गलबतांचे आरमार इंग्रजांवर चालून आले. इंग्रजांची लहानमोठी मिळून आठ जहाजे होती. अर्ध्या तासात त्यांची फळी फुटली. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. बाकीची शिबाडे पळाली. एकटी ‘रिव्हेंज’ मध्ये सापडली. केग्विन आणि मिंचिन यांनी मात्र तोफांचा असा मारा केला, की मराठ्यांना माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीच्या मुखाकडे जावे लागले. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत मोठे जहाज सरस ठरते, हे त्या सकाळी दिसले. पण ही लढाई जिंकूनही इंग्रजांच्या हाती काय आले? संध्याकाळ झाली, काळोख पडला आणि होड्या पुन्हा बेटाकडे जाऊ लागल्या.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदत नावाची. बेट पडले तर सिद्दी ते स्वतःच गिळणार, हे इंग्रजांना दिसत होते, आणि खांदेरीवर मराठे असण्यापेक्षा सिद्दी असणे कितपत बरे, याचा उलगडा त्यांना होत नव्हता. तिकडे मराठ्यांची फौज कल्याणकडे हलली. ती ठाण्यामार्गे मुंबईवर उतरेल अशी धास्ती पसरली. वेढ्याचा खर्च वाढत होता आणि कंपनी तर व्यापारी, पै-पैचा जाब विचारणारी. अखेर जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने खांदेरीचा नाद सोडून शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि इंग्रजांनी वेढा उठवून महाराजांशी समेट केला. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला चढवला, तो फसला. स्वतः दौलतखान जखमी झाला. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराजांचे निधन झाले. खांदेरी हा त्यांच्या हयातीतला अगदी अखेरचा मोठा दर्याई डाव. तो यशस्वी झालेला त्यांनी पाहिला.

वेढ्यातल्या केग्विनची पुढची कथाही मोठी नाट्यमय. १६८३ च्या डिसेंबरात त्याने कंपनीविरुद्धच बंड केले आणि पुढच्या नोव्हेंबरापर्यंत मुंबईचा कारभार आपल्या हातात ठेवला. खांदेरीपाशी ज्यांच्या तोफांचा मारा सोसला त्यांच्याशी, म्हणजे मराठ्यांशी, गव्हर्नर झाल्यावर त्याने सलोख्याचा करार केला.

खांदेरी मराठ्यांचा, उंदेरी सिद्दीचा. दोन्ही बेटांवरची माणसे एकमेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसावीत एवढेच अंतर, आणि तरी पुढची ऐंशी वर्षे हा तिढा तसाच राहिला. १७६० मध्ये उंदेरी मराठ्यांकडे आला तेव्हा कुठे तो सुटला.

मधल्या काळातला खांदेरीचा सर्वांत मोठा धनी म्हणजे कान्होजी आंग्रे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी शाहू महाराजांच्या वतीने त्यांच्याशी तह केला. त्यात सरखेल म्हणजे आरमारप्रमुख या पदाबरोबर अलिबागचा कुलाबा, खांदेरी आणि किनाऱ्यावरचे इतर किल्ले त्यांच्याकडे राहिले. कान्होजींचे म्हणणे साधे होते. या किनाऱ्यावरून गलबत न्यायचे तर आमचे दस्तक घ्या. मुघल आपल्या मुलखात जकात घेतो, पोर्तुगीज समुद्रात परवाना मागतात, तर आम्ही का मागू नये? इंग्रजांना हे पटणे शक्य नव्हते. दस्तक मागणारा पोर्तुगीज असेल तर तो राजा, मराठा असेल तर चाचा, असा त्यांचा हिशेब होता.

१७१५ च्या अखेरीस मुंबईला चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला. त्याने शहराभोवती तट घातला, नवी लढाऊ जहाजे बांधली आणि नोव्हेंबर १७१८ मध्ये हे आरमार घेऊन स्वतः खांदेरीवर चालून गेला. तोफांचा मारा झाला, माणसे उतरवण्याचे प्रयत्न झाले, खडकांनी आणि तटावरच्या गोळ्यांनी ते उधळले. आणि पुन्हा तेच घडले. कान्होजींच्या होड्या रात्री वेढ्यातून निसटून दारूगोळा आणि दाणा घेऊन बेटाला लागल्या. इंग्रजांनी दोष ठेवला मानुएल द कास्त्रो नावाच्या माणसावर. तो पूर्वी कान्होजींच्या चाकरीत होता आणि आता इंग्रजांच्या हलक्या गलबतांचा म्होरक्या होता. होड्या त्याने मुद्दाम सोडल्या, असा आरोप झाला. खरे काय ते समुद्राला माहीत. पण एकोणचाळीस वर्षांपूर्वी तिथे कास्त्रो नव्हता, तरीही होड्या गेल्याच होत्या. फितुरीचे कारण सापडले की काळोखापुढे आपण हतबल आहोत हे कबूल करावे लागत नाही. बून हात हलवत परतला.

४ जुलै १७२९ ला कान्होजी वारले. मग आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी माजली आणि समुद्रावरची मराठ्यांची मूठ सैल होत गेली. तिची शेवटची धग खांदेरीवरही पोचली. अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी कुलाब्याच्या गादीसाठी झगडा झाला, तेव्हा जयसिंग आंग्रे यांच्या पत्नी सकवारबाई यांनी खांदेरी जिंकून लढवला. किल्ला दिला तर कैदेतला नवरा सोडू, असे वचन त्यांना मिळाले. त्यांनी किल्ला दिला. वचन पाळले गेले नाही. ज्या तटाला इंग्रजांच्या तोफांनी तडा गेला नव्हता, तो असा घरातल्याच शब्दाने पडला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खांदेरी न लढता इंग्रजांचा झाला.

बेट हाती आल्यावर त्याचे करायचे काय, हा प्रश्न इंग्रजांना काही दशके पडला असावा. ज्याच्यापासून मुंबई राखायची, तो शत्रूच आता उरला नव्हता. तोफा गंजू लागल्या. बेटावरच्या वेताळदेवाला थळ आणि आसपासच्या कोळीवाड्यांतली माणसे आपल्या होड्या घेऊन येत, नवस बोलत, नारळ फोडत. तो वेताळ म्हणजे एक थोरला दगड आहे. राजवटी बदलल्या तरी त्याच्याकडचे लोकांचे येणेजाणे खंडित झाले नाही.

खांदेरीला पुन्हा काम मिळाले ते मुंबई बदलली म्हणून. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे धावली, दहा वर्षांत ती बोरघाट चढली आणि देशावरचा कापूस सरळ बंदराशी येऊ लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. चार वर्षे शहराने पैशाचा पूर पाहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, शेअरांचे मनोरे जमीनदोस्त झाले आणि प्रेमचंद रायचंदांसारखे सावकार बुडाले. पण जहाजे यायची थांबली नाहीत. वाफेच्या बोटी वाऱ्याची वाट पाहत नाहीत. त्या दिवसा येतात तशा रात्रीही येतात, आणि वेळापत्रकावर येतात. शिडाच्या तांडेलाला उजाडेपर्यंत बाहेर थांबणे परवडे. टपालाच्या आगबोटीला ते परवडणारे नव्हते.

आता मुंबईच्या तोंडाशी रात्री येणाऱ्या कप्तानाच्या जागी उभे राहून पाहा. मुंबईतल्या कुलाब्याला अठराव्या शतकापासून दीपगृह होते. पण दक्षिणेकडून येणाऱ्या बोटीला तो दिवा दिसेपर्यंत थळ-अलिबागच्या बाजूचा खडकाळ, उथळ किनारा उजव्या हाताला चिकटलेला असे. चौलजवळ समुद्रात चौल-कडूचा खडक, पुढे उंदेरी-खांदेरी, त्यांच्यामधला फसवा पट्टा. पावसाळ्यात ढग खाली उतरले की किनारा आणि समुद्र यांच्यातला फरकच नाहीसा होतो. कप्तानाला हवे होते ते एकच: बंदराच्या अलीकडे, खुल्या समुद्रात, उंचावर, कुठल्याही दुसऱ्या दिव्याशी घोटाळा होणार नाही अशी एक खूण.

तशी जागा नव्याने शोधायची गरज नव्हती. मायनाक भंडारी ती दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून गेले होते.

१८६७ मध्ये खांदेरीच्या दक्षिण टेकडीवर, किल्ल्याच्या तटाच्या आत, दीपगृह उभे राहिले. खाली दगडी घर आणि त्याच्या माथ्यावर सुमारे २२ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा. टेकडी आणि मनोरा मिळून दिवा समुद्रसपाटीपासून पन्नासएक मीटर उंच गेला. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे पंचवीस किलोमीटरवर जाते, आणि बोटीच्या टेहळ्याचा डोळाही पाण्यापासून काही उंचीवर असतोच; त्यामुळे दिवा त्याहून लांबून दिसतो. हे गणित तेच आहे, जे टेहळ्याला डोंगरमाथ्यावर बसवताना महाराजांच्या माणसांनी अनुभवाने केले होते. ज्या उंचीवरून लांबचे दिसते, ती उंची लांबून दिसतेही. १६७९ मध्ये या गणिताची एक बाजू कामाला आली, १८६७ मध्ये दुसरी.

त्या काळच्या दीपगृहाचे काम म्हणजे रात्रभराचा राबता असे. ज्योत तेलाची आणि तशी लहानच. तिला मोठे करायचे काम काचेचे. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने १८२० च्या दशकात कड्याकड्यांच्या भिंगाची युक्ती काढली होती. एकच जाड भिंग घडवण्याऐवजी काचेची तिरकी कडी एकाभोवती एक रचायची, म्हणजे चारी दिशांना विखुरणारा उजेड एका पट्ट्यात गोळा होऊन समुद्राकडे जातो. एका दीपगृहाचा दिवा दुसऱ्याहून ओळखू यावा म्हणून कुठे तो अखंड ठेवत, कुठे झपके देत. झपक्यांसाठी भिंग फिरवावे लागे, आणि फिरवायला घड्याळासारखे यंत्र. त्याची वजने मनोऱ्याच्या पोटात सावकाश खाली उतरत आणि रखवालदाराला ती पुन्हा वर चढवावी लागत. वात काजळली तर कापायची, काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसला तर पुसायचा, दिवा कधी लावला, कधी मालवला, वारा कुठून होता, हे वहीत टिपायचे. पावसाळ्यात होडी लागत नाही, म्हणून शिधा आधीच भरून ठेवायचा. १६७९ च्या किल्लेदाराची आणि या रखवालदाराची विवंचना एका बाबतीत सारखीच होती: किनारा डोळ्यांसमोर, आणि दाणा मात्र समुद्राच्या मर्जीवर.

थळ-अलिबागच्या बाजूला दीपगृह हा शब्द कागदावरचा. लोकांच्या तोंडी ‘बत्ती’. रात्री मासेमारीला गेलेल्या होड्यांनाही बत्तीचा उपयोग झालाच. पण तो उपयोग मोठ्या जहाजांच्या उपयोगापेक्षा वेगळा होता. आगबोटीला बत्ती सांगते, की इथून लांब राहा. कोळ्याला ती सांगते, की घर त्या बाजूला आहे.

खांदेरीनंतर आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, कुलाब्याच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या खडकाळ दांडीवर प्राँग्ज दीपगृह पेटले. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने ते उभारले आणि कुलाब्याचा जुना दिवा मग निवृत्त झाला. दरम्यान १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता आणि मुंबई युरोपला पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आली होती. १८७३ मध्ये मुंबईचा बंदर न्यास स्थापन झाला. दक्षिणेला खांदेरी, उत्तरेला प्राँग्ज, अशा दोन दिव्यांच्या चौकटीतून आता जगभरची जहाजे मुंबईत शिरू लागली. महाराजांनी जिथे पहारा बसवला, तो मुंबईचा उंबरठाच होता, यावर दोनशे वर्षांनी इंग्रज अभियंत्यांनीच शिक्कामोर्तब केले म्हणायचे.

स्वातंत्र्यानंतर नावे बदलण्याची पाळी आली. १९५१ मध्ये मुंबईतल्या नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव मिळाले. हा तळ फोर्टमधल्या जुन्या बॉम्बे कॅसलच्या आवारात आहे. म्हणजे जिथून बूनचा कारभार चालला, खांदेरीवरच्या स्वारीचे बेत झाले, त्याच आवारावर आता कान्होजींचे नाव आहे. १९९८ मध्ये खांदेरी बेटाला आणि दीपगृहालाही कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरी आहे.

आज होडीने बेटावर गेले की तट अजून भक्कम दिसतो. चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफा गंजून काळ्या पडल्या आहेत. तटाच्या पायथ्याशी समुद्रात दगड विखुरलेले आहेत आणि त्यांवर धारदार कालवे चिकटलेली. अनवाणी पाय टाकला तर फाटून निघेल. शत्रूला उतरता येऊ नये म्हणून हे दगड मुद्दाम टाकले, असे तिथले लोक सांगतात. वेताळाच्या देवळात नारळ फुटत असतात. एक दगड असा आहे, की त्यावर दुसऱ्या दगडाने ठोकले तर धातूसारखा नाद येतो. पोरे येतात ती आधी तिकडे धावतात. आणि या सगळ्यांच्या वर, टेकडीवर, पांढरा मनोरा.

संध्याकाळ झाली की तिथून दिसणारे चित्र मायनाक भंडारींना ओळखू आले नसते. उत्तरेला मुंबईच्या दिव्यांची भगभगीत कड, पूर्वेला थळच्या खत कारखान्याचा झगमगाट. समुद्रावरून बेटाकडे न दिसता सरकायला लागणारा काळोख आता या किनाऱ्यावर उरलेलाच नाही. बोटीही उपग्रहाच्या आधाराने आपली जागा मीटरापर्यंत ओळखतात, बत्तीवर विसंबून राहण्याची गरज त्यांना पूर्वीइतकी नाही. तरी ती लागते.

काळोखाच्या आधाराने तग धरलेले हे बेट असे उजेडाचे झाले. पण त्याच्या जुन्या नावाने काळोख सोडलेला नाही. १९६८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’ ठेवले होते. तिची कारकीर्द संपल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये दुसरी ‘खांदेरी’ मुंबईत नौदलात आली. माझगाव डॉकमध्ये ती बांधली गेली. तेच माझगाव, जिथे सिद्दीचे आरमार पावसाळा काढत असे आणि जिथवर पोचायला दौलतखानाला होडी मिळाली नव्हती. ती समुद्रावर निघते तेव्हा उजव्या हाताला प्राँग्ज मागे पडतो, पुढे दक्षिणेला कान्होजी आंग्र्यांची बत्ती दिसत राहते. मग खोल पाणी लागते आणि ‘खांदेरी’ दिवे न दाखवता खाली जाते.